गोसाव्याच्या माळावरची राखण

१६ डिसेंबर, सोमवार

नोकरी लागली! आईला फोन केला तर म्हणाली, छान झालं, आता ही कधी सोडणार? बाबा फोनवर आलेच नाहीत. बार्शीच्या शाळेत जन्मभर एकाच खुर्चीवर बसून क्लार्की केलेला माणूस तो, त्यांना माझं काय कौतुक. एफ.वाय.ला कॉलेज सोडलं तेव्हापासून ते मला ‘आमचे फिरते पाहुणे’ म्हणतात.

नोकरी कशी लागली ते लिहून ठेवतो, कारण भारी आहे. भवानी पेठेत कमलम्माच्या खोलीत राहायचो. खाली तिचे माग, दिवसभर खडखडाट, त्यामुळं आपोआपच ओरडून बोलायची सवय लागलेली. रिक्षाला भोंगा बांधून चादरींच्या सेलची जाहिरात करत होतो. एक दिवस भोंगाच बंद पडला. मग काय, नुसत्या गळ्यावर हाळी दिली, ‘चादरीऽऽ!’ तर समोरच्या शेडवरची सगळी कबुतरं उडाली. चहाच्या गाड्यावर एक मुलगी उभी होती, ती हसता हसता जवळ आली आणि म्हणाली, हे पगारावर कराल का?

ती उत्कर्षा मॅडम. मंद्रूपच्या पुढं गोसाव्याच्या माळावर एक कंपनी गॅससाठी बोअर मारतेय. त्यामुळं तिथल्या पक्ष्याप्राण्यांचं काय होतं ते बघायला ही नेमलेली. बोअरमधून राखी गाळ वर येतो, तेलाचा तवंग असलेला, औषधं घातलेला. तो साठवायला गावतळ्याएवढा खड्डा खणलाय, आत काळं प्लास्टिक. कामगार त्याला पिट म्हणतात. वरून उडणाऱ्या पाखराला ते पाणीच वाटतं. उतरलं की पंख लडबडले, संपलं. वरून टाकायची जाळी मागवलीय, पण आलेली नाही. ती येईपर्यंत पाखरं हाकायला एक राखण्या पाहिजे. म्हणजे मी. मचाण, गोफण, पत्र्याचा डबा आणि गळा. ज्वारीच्या पिकात करतात तशी राखण, फक्त तिथं पाखरांपासून पीक वाचवतात आणि इथं पाखरंच वाचवायची!

मॅडमनं ही वही दिली. रोज कुठला पक्षी दिसला ते लिहायचं. मी पक्ष्यांपेक्षा स्वतःबद्दलच जास्त लिहिणार हे तिला आधी सांगायला हवं होतं.

मंद्रूपच्या स्टँडवर गरम भजी तळत होते म्हणून कंपनीची जीप ताटकळली. कॅम्पचा सुपरवायझर शिवलिंगप्पा, अक्कलकोटकडचा, जाडजूड माणूस. पहिल्याच भेटीत म्हणाला, पक्ष्यांआधी तुलाच हाकायला माणूस ठेवावा लागेल. आवडला मला.

१७ डिसेंबर, मंगळवार

माळ म्हणजे काय असतो ते मला माहीतच नव्हतं. वाटायचं, ओसाड जागा. इथं तर पहाटेपासून गर्दी! चंडोल सरळ आभाळात चढतो आणि वरूनच गातो. धाविक नावाचा एक पक्षी बँकेला उशीर झालेल्या माणसासारखा चार पावलं पळतो, थांबतो, परत पळतो. कापशी घार एका जागी फडफडत राहते. सकाळी पखुर्ड्यांचा थवा पाण्याला येतो, पिटवर घिरट्या घालायला लागतो, की मी उभा राहून हाळी देतो. समोरच्या टेकडीवर आपटून हाळी परत येते, मग थवा वळतो आणि ओढ्याकडं जातो. एकही उतरला नाही. दुपारी एक खोकड मचाणाखालून गेलं, माझ्याकडं मान वर करून बघितलं, अगदी शिवलिंगप्पासारखं.

बोअर मारायचं यंत्र, रिग म्हणतात त्याला, अजून उभीच करतायत. साखळ्या, पाइप, वेल्डिंग. जेवायला कडक भाकरी, शेंगाचटणी. मला हे सगळं झेपतंय!

१९ डिसेंबर, गुरुवार

आज चंद्रव्वा भेटली. पलीकडच्या वस्तीवरची धनगर म्हातारी. निम्मं मराठी, निम्मं कानडी. मला एकदा तम्मा म्हणते, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ, एकदा लेकरा. अवधूत हे नाव तिला लांब वाटतं, म्हणून अवदू. मचाणाखाली येऊन पहिलं हेच म्हणाली, की येवढा दांडगा गडी आन पाखरं हाकतुस व्हय? हे तर साळा बुडवलेल्या पोरांचं काम. मी म्हटलं, अव्वा, तोच की मी.

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आलाय, ती सारा म्हणते. उजेड आहे का अंधार, एवढंच कळतं. ऑपरेशन कर म्हटलं तर म्हणते, करू की, मेंढरं तू राखणार का? आणि अशा डोळ्यांनी मेंढरं घेऊन एकटी माळभर हिंडते. वाट कशी कळते विचारलं, तर कानानं. टिटवी ओरडते तिथं ओघळ आहे, पाय जपायचा. चंडोल गातो तिथं गवत दाट. होला घुमतो तिथं बाभळ, बाभळीशेजारी विहीर. पाखरं हायत तवर मला डोळं हायत, असं म्हणाली आणि लगेच तंबाखू मागितली. माझ्याकडं नव्हती, त्यावरून पुन्हा बोलणी खाल्ली.

२२ डिसेंबर, रविवार

बोअर सुरू झाली. आवाज आधी पायांना कळतो, मग कानाला. मचाणाचे बांबू थरथरतात, डब्यातलं पाणी थरथरतं, दात थरथरतात. भवानी पेठेतले सगळे माग एका खोलीत कोंबले तरी एवढा आवाज होणार नाही.

दुपारी चंद्रव्वा चुकली. मी बघतोय तर मेंढरं भलतीकडं आणि ही काठी टेकत सरळ पिटच्या दिशेनं. या घरघरीत तिला ना टिटवी ऐकू येत होती ना होला. पिटचा बांध ढासळता, त्यापलीकडं गाळ, आणि त्यात पडलं तर प्लास्टिकवरून माणूस वर येत नाही. मी गळा फाटेस्तोवर ओरडलो, अव्वा, थांब! डावीकडं! ती थांबली. मान तिरकी करून ऐकलं आणि माझ्या आवाजाच्या धाग्यानं चालत मचाणापर्यंत आली.

बसली, दम खाल्ला आणि म्हणाली, या यंत्रानं माझी पाखरं बुजवली रं. आता तूच वरडत जा माझ्यासाठी. मी तुझ्या आवाजावर येत जाईन.

मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, छाती फुगली. आजवर माझ्या आवाजानं लोकांनी चादरी घेतल्या, एवढंच.

२६ डिसेंबर, गुरुवार

रोज ठरलंय. सकाळी मेंढरं माळावर आली की मी हाळी देतो, ‘अव्वाऽऽ, हितं!’ ती हात वर करते. दुपारी विहिरीकडं, संध्याकाळी वस्तीकडं. माझ्यामुळं माळाला दिशा आल्यात.

उत्कर्षा मॅडम आली होती. दिवसभर कानाला हेडफोन लावून बसली. म्हणाली, यंत्राच्या वर ऐकू जावं म्हणून पक्षी आधी जोरानं ओरडतात, मग वरच्या पट्टीत, मग दमून गप्प होतात. गप्प झाले की नराला मादी सापडत नाही, पिलाला आई सापडत नाही, शिकरा आला हे कुणी कुणाला सांगत नाही. संध्याकाळी गॅसची ज्योत पेटवतात तिच्याकडं किडे येतात, किड्यांमागं पाखरं, आणि होरपळतात. मेलेले दाखवता येतात रे, म्हणाली, गप्प झालेले कसे दाखवू?

खोकड तीन-चार दिवसांत दिसलेलं नाही.

३० डिसेंबर, सोमवार

येळवस! बार्शीकडं आम्ही वेळाअमावस्या म्हणतो, पण आमच्या घरी शेतच नाही, त्यामुळं दरवर्षी दुसऱ्याच्या शेतात जेवायला. इथं चंद्रव्वाच्या पुतण्याची, महिपतीची, माळाला लागून थोडी ज्वारी आहे. त्यानं आख्ख्या कॅम्पला आवतण दिलं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, आत चुना लावलेले पाच दगड मांडलेले, भज्जी, उंडे, खीर, आणि आंबील. आंबिलीबद्दल मी पानभर लिहू शकतो. माठातली गार, आंबट, ताकाची, वर लसणाचा वास. शिवलिंगप्पा इतका प्याला की पट्टा सैल केला. मशीन पाइप बदलायला बंद होतं, किती दिवसांनी कान मोकळे झाले.

मग शेताभोवती आंबील शिंपडत फेरी मारायची आणि ओरडायचं, ‘ओलगं ओलगं चालम पलगं!’ गावोगावी वेगळं म्हणतात, अर्थ कुणाला विचारू नये. महिपतीचा घसा बसलेला, म्हणून मान मला मिळाला. मी असा ओरडलो की लांबच्या शेतांतून लोकांनी उलट साद घातली. लई मजा आली.

फेरी संपली तर रिगवरची पोरं म्हणाली, आपल्या शेताला पण घाल की एक! तांब्या हातात होताच. पोट भरलेलं, डोकं हलकं. पिटच्या बांधावर गेलो, गाळावर आंबील शिंपडली आणि पोटातून ओरडलो. ओलगं ओलगं. पोरं खिदळली.

आवाज परत आला नाही. टेकडीवरून रोज येतो तसा. ओठातून निघाला आणि कुणी हातातून वस्तू घ्यावी तसा गेला.

चंद्रव्वा काठी टेकत आली. तिनं विचारलं, कुटं वरडलास? सांगितलं. तिचं तोंड उतरलं. म्हणाली, ते वरडणं म्हंजी आवतण असतंय. आपल्या भुईला म्हणायचं, ये बाई, जेव. त्या बिळाची भुई कुणाची? कोण आलं जेवायला, ठावं हाय का तुला? मी म्हटलं, अव्वा, गंमत केली. ती पुढ्यातलं ताट तसंच ठेवून उठली.

३१ डिसेंबर, मंगळवार

मशीन अजून बंद, कुठलासा भाग यायचाय. म्हणजे आज माळ ऐकायला मिळेल म्हणून लवकर मचाणावर चढलो.

काही नाही.

पाखरं आहेत, गेलेली नाहीत. चंडोल वर चढला, पंख फडफडवले, चोच उघडझाप करत होती. आवाज नाही. मला वाटलं माझेच कान गेले. डबा वाजवला तर ऐकू आला. खाली उतरून ओघळीपर्यंत गेलो. टिटवी अंगावर धावून आली, नेहमीसारखी, डोक्यावरून घिरट्या, चोच आ वासलेली. गळ्यावरची शीर हललेली दिसली. आवाज नाही.

ओरडणारी गोष्ट ओरडताना बघायची आणि ऐकू यायचं नाही. अंगावर काटा आला, लिहिताना परत आला.

२ जानेवारी, गुरुवार

आवाज सापडले. पिटमध्ये आहेत.

दुपारी ऊन चटकत होतं. गाळावर एक बुडबुडा वर आला, फुगला आणि फुटला. त्यातून टिटवी ओरडली. स्पष्ट. जवळपास एकही पक्षी नव्हता. मग दुसरा बुडबुडा, चंडोल. मग होला, घुमणारा. नंतर खोकडासारखं काहीतरी केकाटलं.

शिवलिंगप्पाला ओढत आणलं. तो ऐकत उभा राहिला, तेव्हा नुसतं बुडबुड. म्हणाला, गॅस आहे बाबा, शिट्ट्या मारतो. येळवसची आंबील अजून उतरली नाही का तुझी? जाताना मात्र बांधावरून न जाता लांबून वळसा घालून गेला.

उत्कर्षा मॅडमला फोन केला. ती म्हणाली, पक्षी उडून गेले असतील, तू दमलायस. मी म्हटलं, उडून नाही गेले मॅडम, इथंच आहेत, फक्त— आणि फोन तुटला.

४ जानेवारी, शनिवार

पखुर्ड्या.

सकाळी थवा आला. पिटमधून पखुर्ड्यांचा आवाज येत होता, पाण्यावर उतरलेल्या थव्याचा असतो तसा निवांत, गुटरगुटर. वरचे ते ऐकून खाली यायला लागले. मी ओरडलो. घसा आतून कुणी चिमटीत धरल्यासारखा. फुटका, घोगरा आवाज निघाला, तोही मचाणाच्या खालपर्यंतच गेला असेल. डबा वाजवला, गोफण मारली. उतरले. सगळे.

एकानंही आवाज केला नाही. फडफड, आणि चोची उघड्या. जो पुढं अडकला त्याला मागच्याला सांगता आलं नाही.

झाऱ्यानं, टोपलीनं, हातानं काढत बसलो. रॉकेलसारखा वास. काढलेले बांधावर ठेवले, ते माझ्याकडं बघत राहिले. संध्याकाळपर्यंत डोळे मिटले त्यांचे. माझ्या हाताचा वास जात नाही. जेवलो नाही.

जाळी कधी येणार विचारलं. सोलापूरहून निघालीय म्हणे.

६ जानेवारी, सोमवार

आवाज गेला. म्हणजे पूर्ण. कुजबुजसुद्धा नाही.

मंद्रूपचे डॉक्टर म्हणाले, गॅसनं घसा सुजलाय, मिठाच्या गुळण्या करा आणि बोलू नका. हसू आलं. हसण्याचाही आवाज आला नाही.

सवयीनं आईला फोन लावला. ती म्हणत राहिली, अवधूत? बोल की रे. असा गप्प का? पैसे हवेत का? काय झालं रे राजा? मी तोंड उघडून उभा. मग तिनं ठेवला. मेसेज केला, रेंज नव्हती आई, मी मजेत आहे.

चंद्रव्वाला कसं कळवू? तिला वाचता येत नाही. आलं असतं तरी दिसलं नसतं.

८ जानेवारी, बुधवार

मी लिहितोय ते नीट लिहितो.

मेंढरं माळावर आली. चंद्रव्वा मध्ये उभी राहिली, हाळीची वाट बघत. मी मचाणावरून उतरून तिच्याकडं निघालो होतो, हाताला धरून नेऊ म्हणून. तेवढ्यात हाळी आली. ‘अव्वाऽऽ, हितं!’

माझा आवाज. तोच हेल, ‘हितं’वर तसाच झोका. पिटमधून.

तिनं हात वर केला आणि वळली. भराभरा, ओळखीच्या आवाजाकडं जातात तशी. मी पळालो. आयुष्यात असा पळालो नाही. बांधाच्या अलीकडं तिचा हात धरला. ती दचकली, मग तोंडावरून हात फिरवला माझ्या. अवदू? मग तिकडून कोण बोलावलं रं?

तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवला आणि मान हलवली. परत परत. तिनं बोटांनी गळा चाचपला. बाळाचा ताप बघतात तसा. हळूच म्हणाली, घेतला व्हय तुझाबी.

वस्तीपर्यंत सोडून आलो. महिपतीला खुणेनं सांगितलं, हिला पाठवू नको. त्यानं मान डोलावली. चंद्रव्वा म्हणाली, न्हाय येत मी, पर तू तितनं नीघ. आजच नीघ लेकरा.

निघणार होतो. पण मी गेलो आणि आवाज इथं राहिला तर? तो तिला बोलावणार. रोज.

१० जानेवारी, शुक्रवार

ताट पडलं हातातून. आवाज झाला नाही. जरा वेळानं पिटकडून खणकन.

टाळी वाजवली. इथं काही नाही. तिकडं टाळी.

पाय आपटला. तिकडं.

आता नुसता गळाच नाही, मी जो जो आवाज करीन तो तिकडं. टिटवीला हे कळत असेल का? आ वासते तेव्हा?

११ जानेवारी, शनिवार

मशीन परत सुरू झालंय. मोठ्या अक्षरात लिहून शिवलिंगप्पाला दाखवलं. बोअर थांबवा, खड्डा बुजवा. त्यानं वाचलं. हसला नाही. म्हणाला, माझ्या हातात असतं तर— आणि वरच्या साहेबाला फोन लावला. साहेब म्हणाला, राखण्याला घरी पाठवा, जाळी आली की त्याची गरज नाही.

मग मी गाळाचा पाइप कुऱ्हाडीनं तोडायला गेलो. धरलं. पोरांनीच धरलं, ज्यांच्याबरोबर येळवस जेवलो. शिवलिंगप्पा ओरडत होता, अरे आत गॅस आहे, ठिणगी पडली तर सगळे जाऊ! खरं होतं त्याचं. लाज वाटली.

उत्कर्षा मॅडमला सगळं टाइप करून पाठवलंय. एकच टिक.

१३ जानेवारी, सोमवार

माळावर आता पाखरं जमिनीवर बसून असतात. उडत नाहीत. एकमेकांकडं बघतात.

पिट दिवसभर गातं. सगळा माळ त्यात. पोरं म्हणतात, बघ, किती पक्षी आले. उगाच बोंब मारत होतास.

१४ जानेवारी, संक्रांत

सगळे सोलापूरला, गड्ड्याच्या जत्रेला गेले. मशीन बंद.

मला कंटेनरमध्ये कोंडलंय. शिवलिंगप्पानं स्वतः. भाकरी, पाणी, तिळगूळ ठेवला. म्हणाला, रागावू नकोस बाळा, पाइपला हात लावलास तर मला जबाबदार धरतील, संध्याकाळी येऊन तुला बार्शीच्या गाडीत बसवतो. फोन ऑफिसात चार्जिंगला आहे.

वस्तीवर चंद्रव्वाशिवाय कुणी नसेल, महिपतीही गड्ड्याला.

सकाळपासून पत्रा बडवतोय, दार लाथा मारून— ओरडतोय. आवाज नाही, तरी ओरडतोय, वाचवा, अव्वा, वाचवा, दार उघडा. माणूस ओरडतोच की. थांबताच येईना.

*

काय केलं मी हे.

सगळं तिकडं गेलं. पत्रा. लाथा. अव्वा वाचवा. तिकडून येत होतं ते, माझ्याच आवाजात, रडत. मी इथं ओरडलो आणि तिकडं— थांबल्यावर ऐकू आलं. माझा शेवटचा ‘वाचवा’.

वस्ती फार लांब नाही.

*

आली. जाळीच्या खिडकीतून दिसतेय. एकटी, मेंढरं नाहीत, डोक्यावर पदर नाही. पळत निघाली असणार. हाका मारतेय, अवदू, कुटं हाइस रं? भिऊ नगं, आले मी!

ती मला सोडवायला आलीय.

तिला ठाऊक होतं तो आवाज माझा नाही. गळा चाचपला होता तिनं. तरी आली. रडून कुणी हाक मारली तर—

श्वाससुद्धा हळू घेतोय. काही वाजवायचं नाही. मी गप्प, पिट गप्प. वाट कळली नाही की ती थांबेल. दमेल, बसेल. संध्याकाळी गाडी येईल. नुसतं लिहीत राहतो, लिहिण्याला आवाज नसतो.

थांबली होती. परत चालायला लागली.

का?

काही ऐकतेय. मान तिरकी. हसली, अरे इतं हाइस व्हय, म्हणाली. बांधाच्या खाली आहे. काठी पुढं.

थांबली. मी डोळे पुसायला पेन खाली ठेवलं तेव्हा थांबली. आता परत—

पेन.

कागदावर खुरखुर होते ती इथं ऐकू येत नाहीये. तिकडं येतेय. मोठी होऊन. माणूस हातांनी माती खरवडत वर यायला बघतोय तशी. ती वाकलीय, हात पुढं केलाय, धर म्हणतेय, धर लेकरा. मी आता एक अक्षरही लि